दुसऱ्या टोकाचा माणूस



मागच्या अंकात हे सदर आलं नव्हतं. संपादकांना मी 'ऑफिसचं काम फार आहे' असं कळवलं होतं. ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं या वेळी लिहितो.

सुरुवात एका एसएमएसने झाली. हैदराबादेत गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला तो कधी ना कधी येतोच: तुमच्या गाडीवर ई-चलान आहे. (हल्ली त्यात बनावट लिंकही फिरतात, म्हणून मी लिंकवर न जाता तेलंगणा पोलिसांच्या साईटवर गाडीचा नंबर टाकून पाहिलं. एवढी अक्कल बीई करून आली आहे.) गुन्हा: सेलफोन ड्रायव्हिंग. दंड 1,000 रुपये, वर युजर चार्जेस 35. खाली फोटो.

आपल्याकडची पद्धत तुम्हाला माहीत आहे. कोणी शिट्टी मारत नाही, अडवत नाही, किल्ली काढून घेत नाही. चौकाच्या कडेला एक कॉन्स्टेबल कॅमेरा घेऊन उभा असतो, तो निवांत फोटो काढतो आणि आपण पुढे निघून जातो. माझा फोटो कोथागुडा चौकातला होता. स्कूटर, हेल्मेट, आणि हेल्मेट व गाल यांच्यामध्ये खोचलेला फोन. पायाशी हुकाला भाजीची पिशवी आणि तिच्यातून बाहेर डोकावणारा दुधी. तोंड उघडं, म्हणजे मी काहीतरी बोलतोय. मुलगी सहा वर्षांची आहे. तिने फोटो मोठा करून पाहिला आणि विचारलं, "बाबा, तू हेल्मेटशी बोलतोस?"

घरात हशा झाला. मी तो फोटो आपल्या मंडळाच्या ग्रुपवरही टाकला, आणि तिथे ज्या प्रतिक्रिया आल्या त्यांतल्या निम्म्या एकच सांगत होत्या: भरू नकोस, ऑफर येईल.

चेष्टा नाही, खरंच येते. मार्च 2022 मध्ये तेलंगणाने थकलेल्या चलानांवर दुचाकीला 75 टक्के आणि कारला 50 टक्के सूट दिली होती. डिसेंबर 2023 च्या शेवटी पुन्हा दिली, तेव्हा दुचाकीला 80 टक्के, कारला 60 आणि आरटीसीच्या बसला 90. तेव्हापासून आपल्या शहरात चलान हे दंडापेक्षा सेलमध्ये घ्यायच्या साडीसारखं झालं आहे. माझ्या ओळखीत एक गृहस्थ आहेत, त्यांच्या गाडीवर चौदा चलानं आहेत आणि ते मोठ्या शांतपणे तिसऱ्या ऑफरची वाट पाहत आहेत.

मीही वाट पाहणार होतो. पण फोटोवर वेळ छापलेली होती: संध्याकाळचे 7 वाजून 41 मिनिटं. सवय वाईट असते. प्रॉडक्शनमध्ये काही बिघडलं की आम्ही आधी लॉग उघडून वेळ जुळवतो. मी फोनचा कॉल लॉग उघडला. 7:38, आई, इनकमिंग, सहा मिनिटं.

आई नांदेडला असते. रोज संध्याकाळी साडेसात ते आठच्या दरम्यान तिचा फोन येतो आणि पहिला प्रश्न एकच असतो: "पोहोचलास का रे घरी?" त्या दिवशी मी काय उत्तर दिलं तेही आठवलं. "हो, आलोच." मग तिने काकांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं सांगितलं, वरच्या मजल्यावर नवीन भाडेकरू आल्याचं सांगितलं, आणि मी कोथागुड्याच्या गर्दीत, कानाशी फोन दाबून, "हं, हं, बरं" करत होतो. मुलगा रस्त्यावर सुखरूप आहे ना, एवढ्यासाठी ती फोन करते, आणि तो फोन मी रस्त्यावर उचलतो.

इथपर्यंत हा लेख हलकाफुलका झाला असता. पुढचं लिहायचं की नाही, याच्यात एक महिना गेला.

आधी कायद्याचं सांगतो, कारण ग्रुपवर बऱ्याच जणांनी विचारलं होतं की हात तर हँडलवर आहेत, मग 'हँडहेल्ड' कसं? मीही तोच वाद मनातल्या मनात घालून पाहिला.

मोटार वाहन कायदा 1988 चा. त्यातलं कलम 184 धोकादायक वाहन चालवण्याचं. तेव्हा मोबाईल नव्हतेच, त्यामुळे कायद्यात त्यांचा उल्लेख असण्याचा प्रश्न नव्हता. पुढे मोबाईल आले आणि पोलीस हाताशी असतील ती कलमं लावून दंड करत राहिले. मे 2018 मध्ये केरळ उच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण आलं. तिथल्या पोलीस कायद्याखाली एका गाडीचालकावर मोबाईलवर बोलल्याचा गुन्हा लावला होता. न्यायालय म्हणालं की लोकांना धोका झाल्याचं दिसत नसेल, तर नुसतं गाडी चालवताना फोनवर बोलणं या कलमात बसत नाही. गुन्हा करायचा असेल तर विधिमंडळाने तसं लिहावं. मला हा निकाल पटला. ज्या सिस्टिममध्ये नियमच लिहिलेला नाही, ती तो नियम मोडल्याचा एरर देऊ शकत नाही.

संसदेने ते 2019 मध्ये लिहिलं. 1 सप्टेंबर 2019 पासून कलम 184 ला एक स्पष्टीकरण जोडलं गेलं. लाल सिग्नल तोडणं, चुकीच्या पद्धतीने ओव्हरटेक करणं, उलट्या दिशेने गाडी घालणं, आणि हातात धरायची संपर्काची उपकरणं गाडी चालवताना वापरणं, हे सगळं आता एकाच यादीत आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा 1,000 ते 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांत पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये. तुम्ही मी ज्याला 'हजाराची पावती' म्हणतो, त्याच्या मागे हे उभं आहे. शिवाय लायसन्स वेगळंच. रस्ता सुरक्षेसाठी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने ऑगस्ट 2015 मध्येच राज्यांना सांगितलं होतं की मोबाईलवर बोलत गाडी चालवणाऱ्याचं लायसन्स किमान तीन महिने निलंबित करा.

मग आपण सगळे तुरुंगात का नाही? त्याचं उत्तर कलम 200 मध्ये आहे. तडजोडीची रक्कम भरून कोणते गुन्हे मिटवता येतील, याची ती यादी. त्यात कलम 184 आहे, पण फक्त हातातल्या उपकरणापुरतं. सिग्नल तोडणं, उलट्या बाजूने येणं या कलमाखाली आलं तर तशी वाट नाही. धोकादायक वाहन चालवण्याच्या सगळ्या प्रकारांतून पैसे भरून घरी जाण्याची सोय कायद्याने एकट्या मोबाईलला दिली आहे. रक्कम किती, हे राज्याने ठरवायचं. तेलंगणाने 2019 ची दंडवाढ तेव्हा लागू केली नाही. महाराष्ट्राने डिसेंबर 2021 मध्ये वाढवलेले दर लावले. सुट्टीत नांदेड-लातूरला स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

आता माझा हेल्मेटचा वाद. इंग्लंडमध्ये असाच वाद घालून एक माणूस खरोखर सुटला. तिथे 2003 पासून हातात फोन धरायला बंदी आहे, आणि ती सिग्नलला उभं असतानाही लागू असते. हा गृहस्थ गाडी चालवता चालवता रस्त्यावरच्या अपघाताचा व्हिडिओ काढत होता. 2019 मध्ये तिथल्या हायकोर्टाने म्हटलं की नियमात बंदी आहे ती संवादासाठी फोन वापरायला. व्हिडिओ काढणं म्हणजे संवाद नव्हे. झालं! ज्यांनी कधी रिक्वायरमेंट लिहिली आहे त्यांना इथे घाम फुटेल. मार्च 2022 मध्ये ब्रिटनने शब्द बदलून ती फट बुजवली. फोटो, व्हिडिओ, गाण्यांची यादी बदलणं, सगळं आत घेतलं. एक सवलत मात्र ठेवली: ड्राइव्ह-थ्रूच्या खिडकीशी गाडी उभी करून फोनने बर्गरचे पैसे देता येतात.

आपल्याकडे सवलत नकाशाला आहे. ऑक्टोबर 2020 पासूनच्या नियमानुसार हातातलं उपकरण फक्त रस्ता शोधायला वापरता येतं, तेही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा पद्धतीने. म्हणजे स्टँडवर लावलेला नकाशा चालेल. पण माधापूरला संध्याकाळी कुठल्याही डिलिव्हरीवाल्या पोराच्या बाईकवर पाहा. त्याच स्क्रीनवर नकाशा, त्याच स्क्रीनवर पुढची ऑर्डर, आणि ती ऑर्डर 'ॲक्सेप्ट' करायला उलटी मोजणी. ते ॲप आमच्यासारख्याच कोणीतरी एसीत बसून लिहिलेलं असतं.

राहिला हँड्स-फ्री. "ब्लूटूथ लाव ना," असं मला निदान दहा जणांनी सुचवलं. कायद्याचा रोख हातावर आहे हे खरं. पण 1997 मध्ये टोरांटोला एक अभ्यास झाला होता. अपघात झालेल्या 699 चालकांचे फोनचे तपशील, एकूण 26,798 कॉल, त्यांनी तपासले. माझ्यासारखंच, लॉग आणि वेळ. फोनवर असताना अपघाताची शक्यता जवळजवळ चौपट दिसली, आणि हँड्स-फ्री वापरणाऱ्यांना त्यातून काही सुटका दिसली नाही. तसं का होत असावं, हे शेजारी बायको बसलेली असताना गाडी चालवून पाहा. बोलता बोलता समोर ट्रक आला की ती आपोआप गप्प होते, किंवा "अहो, ट्रक!" म्हणते. फोनवरच्या माणसाला ट्रक दिसत नाही. तो बोलतच राहतो.

तो फोनवरचा माणूस मी होतो. आता ते सांगतो.

दोन वर्षांपूर्वीचा पावसाळा. माझ्या टीममध्ये एक मुलगा होता, अजूनही आहे. वारंगळकडचा, तेव्हा चोवीस वर्षांचा, पहिलीच नोकरी, मला 'अण्णा' म्हणतो. त्या रात्री रिलीज होतं. त्याने आपलं काम पूर्ण केलं, विचारून निघाला. साधारण वीस मिनिटांनी एक जॉब फेल झाला. अमेरिकेतली मंडळी कॉलवर, प्रत्येक जण "एनी अपडेट?" विचारतोय. मी त्याला फोन लावला.

त्याने उचलला. म्हणाला, "अण्णा, बाईकवर आहे. दहा मिनिटांत घरी पोहोचतो, मग बघतो."

इथे मी थांबायला हवं होतं. दहा मिनिटांनी काहीही बुडणार नव्हतं. त्या जॉबला दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत वेळ होता. मी म्हणालो, "फक्त एवढंच सांग, ती कॉन्फिगची फाईल कुठे ठेवलीस?"

तो सांगायला लागला. मला हॉर्न ऐकू येत होते, पावसाचा आवाज येत होता. फोल्डरचं नाव नीट कळलं नाही म्हणून मी पुन्हा विचारलं. त्याने स्पेलिंग सांगायला सुरुवात केली आणि तिसऱ्या-चौथ्या अक्षरावर एक आवाज आला. तो कसा होता ते लिहीत नाही.

फोन बंद झाला नाही. रस्त्यावर कुठेतरी पडून चालू राहिला. मी लॅपटॉपसमोर बसून ऐकत होतो. गाड्या थांबल्याचे आवाज, कोणीतरी ओरडलं "गिर गया, गिर गया", आणि मग एक वयस्कर आवाज, "हल्लू भाई, हल्लू उठाओ, सर को हात नक्को लगाओ." हैदराबादी दखनीत 'हल्लू' आणि 'नक्को' हे आपलेच शब्द आहेत, हे मी याच सदरात पूर्वी मोठ्या कौतुकाने लिहिलं होतं. त्या रात्रीपासून 'हल्लू' शब्द ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो.

मग कोणीतरी फोन उचलला. "हॅलो, आप कौन? इसके कौन लगते आप?"

मी म्हणालो, "ऑफिस से."

गळपट्टीचं हाड मोडलं होतं आणि उजवं मनगट दोन ठिकाणी. गचिबौलीच्या एका फ्लायओव्हरच्या उतारावर ओल्या रस्त्यावर गाडी घसरून तो दुभाजकावर गेला होता. मागून काही येत नव्हतं हे नशीब, आणि हेल्मेट होतं. फोन हेल्मेटमध्ये खोचलेला होता, अगदी माझ्या फोटोतल्यासारखा. मनगटात प्लेट बसवली. तीन महिने गेले.

पोलिसांत नोंद झाली नाही. एकटाच पडला होता, समोर दुसरी गाडी नाही, तक्रार करणार कोण? केंद्र सरकारच्या अहवालात 2021 साली मोबाईलच्या वापरामुळे देशभरात 1,997 अपघात आणि 1,040 मृत्यू दाखवले आहेत. त्या वर्षी रस्त्यांवर एकूण मृत्यू 1,53,972. हा मोबाईलचा आकडा मी वाचतो तेव्हा मला तो मुलगा आठवतो. तो अशा कुठल्याच आकड्यात नाही. पडलेला माणूस शुद्धीवर असला तर मी फोनवर होतो असं सांगत नाही, आणि नसला तर फोन तोवर बंद पडलेला असतो.

सकाळी त्याचे आईवडील हनमकोंड्याहून पहिल्या बसने आले. वडील आरटीसीत ड्रायव्हर, आयुष्य बस चालवण्यात गेलेलं, निवृत्तीला आलेले. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये ते माझ्याजवळ आले. माझं तेलुगू कामापुरतं, त्यांचं हिंदी तसंच. पण जे म्हणाले ते नीट कळलं. "सार, तुम्ही मोठे आहात. तुमचं ऐकतो तो. गाडीवर फोन उचलू नको म्हणून तुम्ही त्याला जरा रागावा."

मी मान हलवली. "हो, सांगतो," म्हणालो.

मुलगा त्या वेळी आत गुंगीत होता. पुढे भेटायला गेलो तेव्हा त्याने कोणाचा फोन होता याचा विषय काढला नाही, आणि मीही नाही. ऑफिसात मी एक नवीन पद्धत चालू केली: निघताना ग्रुपवर 'निघालो' लिहायचं, घरी गेल्यावर 'पोहोचलो', आणि मधल्या वेळात काहीही पेटलं तरी फोन दुसऱ्याला लावायचा. वरिष्ठांना मी ते 'ऑन-कॉल प्रोसेसमधली सुधारणा' म्हणून सादर केलं. त्याबद्दल वर्षअखेरीला माझं कौतुकही झालं. ते घेतलं मी.

चलान आल्यावर कायदा वाचत बसलो, तो खरं तर यासाठी. त्या रात्री गुन्हा त्याचा झाला, कलम 184. माझा काय? खाली जाता जाता कलम 188 सापडलं. छोटंसं आहे. 184, 185 किंवा 186 खालच्या गुन्ह्याला जो अपप्रेरणा देईल, त्याला त्याच गुन्ह्याची शिक्षा. मी ते तीन वेळा वाचलं. ओळखीतल्या एका वकील ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, अपप्रेरणा म्हणजे चिथावणी, कट किंवा जाणूनबुजून मदत; नुसता फोन लावणं त्यात बसवणं अवघड आहे. आणि मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तुला बसवायचंय का?"

अमेरिकेत न्यू जर्सीला हा प्रश्न खरोखर कोर्टात गेला होता. सप्टेंबर 2009 मध्ये एक अठरा वर्षांचा मुलगा पिकअप ट्रक चालवत होता. मैत्रिणीशी मेसेज चालू होते. ट्रक मधली रेघ ओलांडून समोरून येणाऱ्या मोटारसायकलवर गेला. तिच्यावर नवरा-बायको होते. दोघांनाही एकेक पाय गमवावा लागला. त्यांनी मुलावर दावा केलाच, पण मेसेज पाठवणाऱ्या मैत्रिणीवरही केला, जी त्या वेळी तिथे रस्त्यावर नव्हतीच. 'क्युबर्ट विरुद्ध बेस्ट' नावाने ते प्रकरण ओळखलं जातं. ऑगस्ट 2013 मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने सांगितलं की दुसऱ्या टोकाच्या माणसावरही जबाबदारी येऊ शकते. पण केव्हा, तर समोरचा गाडी चालवतो आहे आणि तो चालवतानाच मेसेज बघणार आहे, हे पाठवणाऱ्याला माहीत असेल किंवा माहीत असण्याचं खास कारण असेल तेव्हा. त्या मुलीला ते माहीत होतं असा पुरावा नव्हता. ती सुटली.

मला माहीत होतं. त्याने मला सांगितलं होतं, आणि हॉर्न ऐकू येत होते.

तरी दोन वर्षांनी मी आईचा फोन कोथागुड्याला उचलला. याचं स्पष्टीकरण माझ्याकडे फारसं नाही. टीममधल्या पोरांना शिस्त लावली, पण ऑफिसच्या फोनची भीती आणि घरच्या फोनची ओढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्लायंटचा फोन कापताना हल्ली हात थरथरत नाही. आईचा फोन कापायचा म्हटलं की वाटतं, तिकडे काही झालं असेल तर? गेल्या वर्षी बाबांना बरं नव्हतं, तेव्हापासून हे जास्तच. आणि न उचलावा, तर ती पुन्हा लावणार, मग बायकोला लावणार, मग शेजारच्या काकूंना. आपल्यातल्या बाहेरगावी असलेल्या बहुतेकांच्या घरी हे असंच असणार.

गेल्या महिन्यात, लेख पाठवायच्या शेवटच्या तारखेला, मी लेखाऐवजी हनमकोंड्याला फोन लावला. मुलाच्या वडिलांना. आता ते निवृत्त झाले आहेत. माझ्या मोडक्या तेलुगूत वाक्यं आधी कागदावर लिहून घेतली होती. सांगितलं की त्या रात्री फोन माझा होता, त्याने बाईकवर आहे म्हटल्यावरही मी बोलत राहिलो, आणि तुम्ही मला त्याला रागवायला सांगितलंत तेव्हा मी गप्प बसलो.

थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग ते म्हणाले, "तेलुसु, सार."

माहीत आहे. मुलाने त्यांना तिसऱ्याच दिवशी सांगितलं होतं. त्यानंतर संक्रांतीला त्यांच्या घरून आमच्याकडे अरिसेलूंचा डबा आला होता, मनगटाची प्लेट काढल्यावर पेढे आले होते, आणि तेव्हा ते सगळं त्यांना माहीत होतं. मी विचारलं, मग तुम्ही मला काही बोलला का नाहीत? ते म्हणाले, "तुम्ही सांगाल म्हणून." पुढे ते डेपोच्या दिवसांचं काहीतरी सांगत होते, ते मला पूर्ण कळलं नाही, आणि पुन्हा विचारायचा धीर झाला नाही. फोन ठेवताना एवढं म्हणाले की तो घरी पोहोचला की मगच त्याला फोन करत जा.

1,035 रुपये त्याच रात्री भरले. ऑफरची वाट पाहणारे आमचे गृहस्थ म्हणाले, फुकट घाई केलीस.

आईला यातलं काहीच सांगितलेलं नाही. चलानाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला नव्हता, कारण त्यावर वेळ आहे, आणि तिला वेळा पक्क्या लक्षात असतात. 7:41 पाहिल्यावर ती कोणाचा फोन होता हे विचारणार नाही, तिला कळेल. मग माझं जे दोन वर्षं झालं ते तिचं होईल, या भीतीने गप्प होतो. पण आपल्या या अंकाची लिंक दर वेळी मीच तिला पाठवतो, आणि ती संपादकीय सोडून आधी हेच पान उघडते. म्हणून अंक येण्याआधी, आज रात्री जेवणं झाल्यावर, घरातल्या सोफ्यावर बसून मीच तिला फोन करणार आहे. फोटोही पाठवीन. दुधी फार मोठा आणि निबर घेतलास, हे ती नक्की म्हणेल.